ताजची खोली आणि घारापुरीची बोट

लेक कमावती झाली की हौसेनं म्हणते, "आई, यंदा मुंबईला ताजमध्ये राहू, घारापुरी बेट बघू." आपल्या मनात दोन प्रश्न येतात. एवढा खर्च कशाला? आणि तिथे आपल्याला कोण विचारणार? आज त्याबद्दलच बोलू.

अपोलो बंदरावरचं ताजमहाल हॉटेल जमशेटजी टाटांनी उभारलं. ते १९०३ साली सुरू झालं. समोरचं गेटवे ऑफ इंडिया पूर्ण झालं १९२४ साली. म्हणजे हॉटेलच थोरलं! त्याच्या आराखड्यात सीताराम खंडेराव वैद्य या मराठी वास्तुरचनाकाराचा मोठा वाटा होता.

हॉटेलचे दोन भाग आहेत : घुमटाची जुनी इमारत आणि शेजारचा उंच टॉवर. काही खोल्यांतून बंदर दिसतं, काहींतून शहर. त्याप्रमाणे भाडं बदलतं. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा : खोली कोणत्या इमारतीत? खिडकी समुद्राकडे आहे का? जीएसटी धरून एकूण किती? न्याहारी त्यातच का? बेत रद्द झाला तर किती परत मिळतील? उत्तरं लेखी घ्या. खोलीतल्या फ्रिजमधल्या वस्तूंचे पैसे वेगळे लागू शकतात, तेही विचारा.

आता तारीख. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटीही थांबतात. खोली आधी घेतली आणि लेणी बंद निघाली, तर बेटाचा बेत फुकट जातो. म्हणून आधी बोट, मग खोली.

गेटवेहून बोटीला साधारण तासभर लागतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर प्रवासी बोटीला नौदलाची बोट धडकली आणि अनेकांचे जीव गेले. लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसा. बोट खच्चून भरली असेल तर पुढच्या बोटीनं जा. बेटावर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढावं. वर पोचल्यावर सुमारे वीस फुटांची, तीन मुखांची शिवमूर्ती बघून शीण उतरतो.

राहिला दुसरा प्रश्न. २००८ च्या हल्ल्यापासून ताजच्या दारात पिशव्यांची कडक तपासणी होते. ती सगळ्यांचीच होते, लुगडं पाहून नव्हे. खोली घेताना प्रत्येकीचं ओळखपत्र लागतं, ते जवळ ठेवा. मराठीत बोला, न समजलेलं बिनधास्त विचारा. पैसे मोजणारी बाई तिथे पाहुणीच असते.

आणि पैसे कमी असतील तर? मुक्काम साध्या लॉजवर करा, ताजमध्ये फक्त चहा घ्या. दर आणि जागा आधी फोनवर विचारा. बंदर तेच दिसतं. मात्र हौसेसाठी गटाचं कर्ज काढू नका. हौस बचतीतूनच करावी, म्हणजे परतल्यावर हप्त्याची धास्ती उरत नाही.