ग्लास तिथला, भुर्दंड घरचा

गुजरातेत दारूबंदी, दादरा-नगर हवेलीत नाही. त्यामुळे सिल्व्हासाचा किलवणी नाका ओलांडून वापीकडे परतणाऱ्या गाड्यांत कधी ‘थोडीशी’ घेतलेला चालकही असतो.

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल आढळले, तर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. खरा दणका विम्याचा. डिसेंबर २००७मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्शे उलटून पेटली. चालकाची श्वासचाचणी झालीच नव्हती. तरीही एप्रिल २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा मानला आणि विमा कंपनीचा नकार उचलून धरला. एवढी महागडी गाडी, भरपाई शून्य!

जखमी तिऱ्हाइताचे पैसे न्यायालये बहुधा आधी कंपनीला भरायला लावतात. कंपनी मग ते मालकाकडून वसूल करते.