पिस्तूल, मोठ्या व्यासाचे अर्धस्वयंचलित

एका हातात धरून झाडता येणारे आखूड नळीचे अग्निशस्त्र. यात चाप दर वेळी दाबला असता एकच गोळी सुटते आणि त्या गोळीच्या प्रत्याघातावर रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाऊन मुठीतील पेटीमधून पुढील काडतूस नळीत आपोआप भरले जाते. चाप दाबून धरला असता गोळ्या सुटतच राहिल्या, तर ते शस्त्र स्वयंचलित होय. व्यवहारात अर्धस्वयंचलित पिस्तुलालाही ‘ऑटोमॅटिक’ म्हणण्याची चाल असल्याने हा भेद अनेकदा पुसला जातो. नळीचा अंतर्व्यास मिलिमीटरमध्ये किंवा इंचाच्या अपूर्णांकात सांगतात. .४५ पिस्तूल म्हणजे ११.४३ मिमी. व्यासाचे पिस्तूल. मोठा व्यास ही संज्ञा सापेक्ष आहे. प्रस्तुत नोंदीत ९ मिमी. व त्यावरील पिस्तुले मोठ्या व्यासाची मानली आहेत. भारतातील सामान्य परवानाधारकास परिचित असलेले .३२ (७.६५ मिमी.) पिस्तूल या वर्गात येत नाही.

शस्त्राची निवड करताना व्यासाला अवाजवी महत्त्व दिले जाते. गोळी जितकी जाड तितके शस्त्र परिणामकारक, हे विधान गोळी लक्ष्यावर लागली तरच अर्थपूर्ण ठरते. ती लागणे हे मुठीचा घेर, चापाचे अंतर, शस्त्राचे वजन आणि धरणाऱ्याचा हात यांच्या मेळावर अवलंबून असते. ठाणे व कल्याण-डोंबिवली यांसारख्या दाट वस्तीच्या पट्ट्यात हा मेळ बिघडल्याची किंमत शस्त्र धरणाऱ्यापेक्षा आसपासच्या लोकांना मोजावी लागण्याचा संभव असतो. पिस्तुलाची चुकलेली गोळी एक किलोमीटरहून अधिक अंतर जाऊ शकते. लष्करी पद्धतीची पूर्ण धातुवेष्टित गोळी लक्ष्य भेदूनही पुढे जाते, आणि या बाबतीत ९ मिमी.ची वेगवान गोळी .४५च्या मंदगती गोळीपेक्षा सामान्यतः अधिक धोक्याची असते.

*रचना :* नळीवर मागेपुढे सरकणारे पोलादी आवरण (स्लाइड), त्याखालील सांगाडा, मुठीत बसणारी काडतूस-पेटी (मॅगझीन), घोडा व चाप हे पिस्तुलाचे मुख्य भाग होत. .३२सारख्या सौम्य काडतुसाच्या पिस्तुलात स्लाइडचे वजन व स्प्रिंगचा जोर एवढ्यावर मागचा दाब पेलता येतो. ९ मिमी. व .४५ या काडतुसांचा दाब वा संवेग अधिक असल्याने गोळी नळीबाहेर पडेपर्यंत नळी व स्लाइड एकमेकींत अडकवून ठेवावी लागतात. दोन्ही मिळून थोड्या मागे सरकतात, मग नळीचे मागील टोक खाली झुकते व स्लाइड सुटी होऊन एकटी मागे जाते. ही युक्ती अमेरिकन अभिकल्पक जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) यांची असून आजची बहुसंख्य मोठी पिस्तुले तिच्याच कोणत्या ना कोणत्या रूपावर चालतात.

*.४५ चा इतिहास :* फिलिपीन्समधील लढायांत .३८ रिव्हॉल्व्हर अपुरे पडल्याच्या तक्रारींनंतर अमेरिकन सैन्याने १९०४ मध्ये टॉम्पसन व लगार्ड या अधिकाऱ्यांकरवी चाचण्या घेतल्या. लष्करी पिस्तुलाचा व्यास .४५ पेक्षा कमी नसावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. या चाचण्यांची पद्धत पुढे वादग्रस्त ठरली, तरी निष्कर्ष मात्र टिकून राहिला. त्यानुसार ब्राउनिंग यांनी अभिकल्पिलेले कोल्ट पिस्तूल १९११ मध्ये सैन्यात दाखल झाले. रिकामे असता वजन सु. १.१ किग्रॅ., नळी १२७ मिमी. लांब व पेटीत ७ काडतुसे अशी त्याची मापे आहेत.

पहिल्या महायुद्धातील अनुभवानंतर १९२६ पर्यंत या पिस्तुलात जे फेरफार झाले, ते हाताळणीच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्याजोगे आहेत. काडतूस, नळी व यंत्रणा यांना हात लावला गेला नाही. चाप आखूड करून त्याच्यामागे सांगाड्यात दोन्ही बाजूंना बोटासाठी खोलगट जागा घेतली. मुठीची मागील बाजू तळहातात भरेल अशी फुगीर केली. अंगठा व तर्जनी यांमधील बेचक्यास मागे येणारा घोडा चावू नये, म्हणून मुठीवरील सुरक्षा-खटक्याचे टोक लांबविले. यांतील काही बदल, विशेषतः चापाबाबतचे, लहान हाताच्या सैनिकासाठी होते. ज्या सैन्याने व्यासाचा आग्रह धरला, त्यालाच पंधरा वर्षांच्या आत हाताचे माप विचारात घ्यावे लागले. हे पिस्तूल १९८५ पर्यंत त्या सैन्याचे अधिकृत शस्त्र होते.

*प्रत्याघात :* .४५ची गोळी सु. १४.९ ग्रॅ. वजनाची असून ती सेकंदास सु. २५५ मी. वेगाने सुटते. ९ मिमी. पॅराबेलमची गोळी सु. ८ ग्रॅ. असून तिचा वेग सु. ३५० मी. असतो. दोहोंची गतिज ऊर्जा जवळजवळ सारखी, म्हणजे ४८५ ते ४९० जूल भरते. हाताला बसणारा धक्का मात्र ऊर्जेवर नव्हे, तर संवेगावर (वजन × वेग) अवलंबून असतो. तो .४५च्या बाबतीत सु. ३.८ व ९ मिमी.च्या बाबतीत सु. २.८ किग्रॅ. मी./से. येतो, म्हणजे .४५चा धक्का सुमारे एक तृतीयांशाने अधिक असतो. .३२चा संवेग १.३च्या आसपास असतो. दुसऱ्या टोकाला .५० (१२.७ मिमी.) व्यासाचे ‘डेझर्ट ईगल’ हे पिस्तूल असून त्याचा संवेग ८.५हून अधिक भरतो. तो पेलण्यासाठी ते सु. २ किग्रॅ. वजनाचे करावे लागले. लांब काडतुसामुळे त्याची मूठ इतकी रुंद होते की मध्यम हाताची तर्जनी चापावर नीट पोहोचत नाही. संरक्षणाचे शस्त्र म्हणून त्याचा उपयोग नगण्य आहे. त्याची ख्याती मुख्यतः चित्रपटांनी वाढविली.

शस्त्र जितके हलके तितके ते धक्क्याने अधिक वेगाने मागे येते. दारूच्या वायूंचा वाटा सोडून व रिकामी वजने धरून हिशेब केला, तर १.१ किग्रॅ.चे .४५ पिस्तूल सेकंदास सु. ३.५ मी. वेगाने मागे येते, तर ०.७ किग्रॅ.चे ९ मिमी. पिस्तूल सु. ४ मी. वेगाने. कमरेला दिवसभर वागविण्यास सोयीचे शस्त्र झाडण्यास सोयीचे असेलच असे नाही. दुकानात हातात घेऊन केलेली परीक्षा या कारणाने फसवी ठरते. नळीचा अक्ष मुठीपासून जितका उंच, तितके नळीचे तोंड धक्क्याने वर उचलले जाते व दुसरी गोळी सोडण्यापूर्वी पुढची माशी व मागची खाच पुन्हा जुळविण्यास अधिक वेळ लागतो. नळीच्या तोंडाशी होणारा १५५ डेसिबेलहून मोठा आवाजही नवशिक्यास दचकवतो. गोळी सुटण्यापूर्वीच मनगट खाली झुकण्याची सवय बहुधा या आवाजाच्या भीतीने जडते.

*मूठ व चाप :* पेटीतील काडतुसे एका रांगेत असल्यास मूठ सडपातळ राहते, परंतु काडतुसे कमी मावतात. दुहेरी रांगेत काडतुसे वाढतात व मूठ जाड होते. बेल्जियममध्ये १९३५ साली पुऱ्या झालेल्या ‘ब्राउनिंग हाय-पॉवर’ या ९ मिमी. पिस्तुलात १३ काडतुसांची दुहेरी पेटी असूनही मूठ हातात चांगली बसते. ब्राउनिंग यांच्या मृत्यूनंतर द्यूदोने सेव्ह यांनी ते पूर्ण केले. बेचक्यास चावणारा घोडा आणि पेटी काढल्यावर चाप निकामी करणाऱ्या खटक्यामुळे आलेला चापाचा खरखरीतपणा हे त्याचे दोन परिचित दोष होत. १९८५ मध्ये अमेरिकन सैन्याने .४५ सोडून स्वीकारलेल्या बेरेट्टा पिस्तुलाची मूठ याउलट जाड होती. पहिल्या गोळीसाठी त्याचा चाप दूरवरून व सु. ५ किग्रॅ. जोराने ओढावा लागे. लहान हाताच्या सैनिकांची, विशेषतः स्त्रियांची, याविषयी तक्रार राहिली. २०१७ मध्ये निवडलेल्या पुढील पिस्तुलात मूठच तीन मापांत बदलता येते. ऑस्ट्रियन सैन्याने १९८२ मध्ये स्वीकारलेल्या ग्लॉक पिस्तुलाचा सांगाडा बहुवारिकाचा असून पेटीविना त्याचे वजन सु. ६३० ग्रॅ. आहे. २०१० नंतरच्या त्याच्या प्रकारांत मुठीची पाठ बदलण्याची सोय आहे.

अमेरिकेच्या संघीय अन्वेषण विभागाचा अनुभव या संदर्भात बोधक आहे. १९८६ मध्ये मायामी येथील चकमकीत दोन अधिकारी मारले गेल्यानंतर विभागाने ९ मिमी. सोडून १० मिमी. व्यासाचे काडतूस घेतले. ते अनेकांच्या हाताला न पेलल्याने .४० व्यासाचे सौम्य काडतूस आले, आणि शेवटी २०१६च्या सुमारास विभाग ९ मिमी.वर परतला. आधुनिक गोळ्यांच्या परिणामातील फरक अल्प आहे व बहुतेक अधिकारी ९ मिमी.ने अधिक जलद व अचूक नेम साधतात, हे कारण विभागाने दिले.

*ठाणे परिसर व कायदा :* भारतात ही निवड प्रथम कायद्याने मर्यादित होते. शस्त्र अधिनियम, १९५९ व त्याखालील नियमांनुसार ९ मिमी. हा निषिद्ध व्यास असून सामान्य नागरिकास त्याचा परवाना मिळत नाही. निषिद्ध शस्त्रांचे परवाने केंद्र शासनाच्या अधिकारात येतात. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर व अंबरनाथ येतात. येथील अन्य शस्त्रांचे परवाने आयुक्तांकडून, तर मुरबाड-शहापूरसारख्या ग्रामीण भागातील परवाने जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून दिले जातात. २०१६च्या नियमांनी शस्त्र-सुरक्षेचे प्रशिक्षण आवश्यक केले. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. सबब या शहरांत कायदेशीर मोठ्या व्यासाचे पिस्तूल दिसते ते प्रामुख्याने पोलिसांच्या कमरेला.

ते सामान्यतः ९ मिमी.चे असते. पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात बनणारे ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी. १ए’ हे दुसऱ्या महायुद्धात कॅनडात तयार झालेल्या हाय-पॉवरच्या नमुन्यावर आधारलेले आहे. मूळचे गुणदोष त्यात बहुतांशी तसेच आले आहेत. अशा शस्त्रांशी महाराष्ट्राचा संबंध काडतुसांच्या बाजूने अधिक जवळचा आहे. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा असून लहान शस्त्रांची काडतुसे हे त्याचे जुने उत्पादन आहे. कल्याणला लागून असलेल्या अंबरनाथची आयुधनिर्माणी लोहेतर धातूंचे काम करते. २०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळ बरखास्त झाल्यावर ती यंत्र इंडिया या शासकीय कंपनीकडे गेली.

पोलीस कर्मचारी पिस्तूल निवडत नाही, ते त्याला शस्त्रागारातून दिले जाते. महाराष्ट्रात पोलीस भरतीत स्त्रियांसाठी ३० टक्के आरक्षण असल्याने एकच मूठ फार वेगवेगळ्या मापांच्या हातांत जाते. १ए पिस्तुलाचा घोडा झाडण्यापूर्वी मागे ओढलेला असावा लागतो. अनेक दलांत सुरक्षेसाठी ते नळीत काडतूस न भरता वागवितात, त्यामुळे ऐन वेळी दुसऱ्या हाताने स्लाइड ओढणे भाग पडते. घामाने ओल्या बोटांना, अरुंद जिन्यावर किंवा डोंबिवलीच्या फलाटावरील संध्याकाळच्या गर्दीत ही कृती सरावाविना साधत नाही. व्यास ९ मिमी. असावा की .४५, या प्रश्नापेक्षा स्लाइड किती सहज ओढता येते व तर्जनीचे पहिले पेर चापावर सपाट बसते की नाही, हे येथे अधिक निर्णायक आहे. नुसती टोकाने ओढलेली तर्जनी गोळी एका बाजूस नेते.

*नेमबाजी :* आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या २५ मी. सेंटर-फायर स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिमी. व्यास चालतो, त्यामुळे .४५ आपोआप बाद ठरते. शस्त्राचे वजन १,४०० ग्रॅ.पेक्षा अधिक व चापाचा जोर १,००० ग्रॅ.पेक्षा कमी असून चालत नाही. याच अंतरावरील स्त्रियांची स्पर्धा .२२ पिस्तुलाने होते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई क्रीडास्पर्धेत तीत सुवर्णपदक मिळविले. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ खेळाडूच्या हाताबरहुकूम तासून घेतात. सरकारी शस्त्राला ही सवलत नसते.

*निगा :* ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी अडीच हजार मिमी.च्या आसपास पाऊस पडतो व खाडीकाठची हवा खारट दमट असते. निळसर मुलामा दिलेल्या पोलादावर घामाचे मीठ एका रात्रीत गंज धरते, तो प्रथम स्लाइडच्या खाचा व मुठीच्या पट्ट्यांखाली दिसतो. चामड्याच्या म्यानात ओलावा मुरत असल्याने पिस्तूल त्यात ठेवून देऊ नये. पावसाळ्यात ते रोज पुसून तेलाचा पातळ हात द्यावा लागतो. जाड तेल धूळ धरते व स्लाइडची हालचाल मंदावते. मुठीवरील नक्षीदार खवले झिजल्यास पट्ट्या बदलाव्यात, कारण ओल्या हातात गुळगुळीत मूठ धक्क्यागणिक थोडी फिरते. पेटीतील स्प्रिंग सैल झाली असता काडतूस अर्धवट वर येऊन अडकते. असा अडथळा अनेकदा पिस्तुलाचा दोष समजला जातो. वस्तुतः पेटी बदलली की तो नाहीसा होतो.