खेळता खेळता अंगी काय मुरतं?

अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात शॉन ग्रीन नावाचा विद्यार्थी नजर आणि अवधान तपासणारी एक चाचणी संगणकावर तयार करत होता. पडद्यावर क्षणभर आकृत्या चमकतात आणि कडेला कुठे काय दिसलं ते सांगायचं असतं. चाचणी नीट चालते का हे बघायला त्याने ती आधी स्वतः दिली, मग मित्रांना द्यायला लावली. गुण इतके जास्त आले की प्रोग्रॅममध्येच काहीतरी चुकलं असावं असं वाटलं. पण चुकलं काहीच नव्हतं. ही मुलं तासन्‌तास धावपळीचे, नेमबाजीचे व्हिडिओ गेम खेळणारी होती.

ग्रीन आणि त्याच्या मार्गदर्शक डाफ्नी बावेलिए यांनी हा धागा सोडला नाही. मुळात ज्यांची नजर तल्लख असते तेच अशा खेळांकडे वळत असतील, अशी शंका घ्यायला जागा होती. म्हणून त्यांनी असे खेळ न खेळणारी माणसं गोळा केली. काहींना ‘मेडल ऑफ ऑनर’ हा युद्धाचा खेळ रोज एक तास, असा दहा दिवस खेळायला दिला आणि बाकीच्यांना ‘टेट्रिस’. दहा दिवसांनी युद्धाचा खेळ खेळलेल्यांचं अवधान टेट्रिसवाल्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारलेलं दिसलं. २००३ साली ‘नेचर’मध्ये हा निबंध आला आणि या विषयाकडे बघण्याची शास्त्रज्ञांची नजरच बदलली.

हा फरक कशामुळे पडला? नेमबाजीच्या खेळात शत्रू कुठल्याही कोपऱ्यातून येतो. नेम मधोमध धरायचा, तरी कडेचं भान सुटू द्यायचं नाही, बिनकामाच्या हालचालींकडे काणाडोळा करायचा आणि क्षणात निर्णय घ्यायचा. टेट्रिसमध्ये एका वेळी एकच तुकडा खाली येतो. त्यातूनही माणूस शिकतो, पण वेगळं. २००२ मध्ये व्हॅलरी सिम्स आणि रिचर्ड मायर यांनी टेट्रिसमध्ये मुरलेल्या खेळाडूंची परीक्षा घेतली. टेट्रिसच्या तुकड्यांसारखे आकार मनातल्या मनात फिरवण्यात ते तरबेज होते. वेगळे आकार समोर ठेवले, तर मात्र ते इतरांसारखेच.

मला या सगळ्या संशोधनात हाच निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो. ‘व्हिडिओ गेमने बुद्धी वाढते’ हे विधान जितकं पोकळ, तितकंच ‘व्हिडिओ गेमने डोकं बिघडतं’ हेही. खेळ जे करायला लावतो, तेच अंगी मुरतं.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत याची झलक दिसते. इथे डॉक्टर रुग्णाच्या पोटात थेट बघत नाही, पडद्याकडे बघतो. लांब दांड्याची अवजारं छोट्या छिद्रांतून आत जातात, त्यामुळे हात उजवीकडे नेला की अवजाराचं टोक डावीकडे जातं. पडद्यावरच्या सपाट चित्रावरून खोली ताडायची आणि दोन्ही हात त्या हिशेबाने चालवायचे, हे भल्याभल्यांना सुरुवातीला जमत नाही. न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयातले शल्यविशारद जेम्स रॉसर आणि सहकाऱ्यांनी ३३ डॉक्टरांकडून या कौशल्याच्या कवायती करून घेतल्या. कधीकाळी आठवड्याला तीन तासांहून अधिक व्हिडिओ गेम खेळलेल्या डॉक्टरांच्या चुका न खेळलेल्यांपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी होत्या आणि वेग २७ टक्क्यांनी जास्त. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. अभ्यास छोटा होता, कवायती रुग्णांवर नव्हत्या आणि गेममुळेच हात बसला असं त्यातून सिद्ध होत नाही. पण पडद्याकडे बघत हात चालवण्याचा सराव दोन्हीकडे सारखाच लागतो, हे नाकारता येणार नाही.

नजर आणि हात झाले, पण माणसांशी वागणं? तेही खेळ करायला लावू शकतो. २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये सुरुवातीच्या काळात मोठ्या मोहिमा चाळीस जणांनी मिळून कराव्या लागत. कुणी वार अंगावर घ्यायचे, कुणी जखमा भरायच्या, कुणी हल्ला करायचा. एकाने हयगय केली की सगळ्यांची मेहनत वाया. त्यामुळे वेळ पाळणं, शब्द पाळणं आणि भांडण मिटवणं, हे सगळं तिथे शिकावंच लागे.

याच खेळात ‘इबेलिन’ या नावाने मात्स स्टीन हा नॉर्वेचा तरुण वावरत होता. त्याला ड्युशेन हा स्नायू क्षीण करत जाणारा आजार होता. व्हीलचेअर आणि घर, यांपलीकडे त्याचं आयुष्य गेलंच नाही असं आईवडिलांना वाटे. २०१४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर ती बातमी लिहिली आणि अनोळखी माणसांची पत्रं येऊ लागली. ती होती ‘स्टारलाइट’ या त्याच्या खेळातल्या गटाची माणसं. त्यांतली काही परदेशातून अंत्यविधीला आली. डेन्मार्कमधल्या एका आईला तिच्या स्वमग्न मुलाशी खेळातून जवळीक साधायचा मार्ग त्याने सुचवला होता. नेदरलँड्समधल्या एका मुलीचा संगणक घरच्यांनी काढून घेतला, तेव्हा त्याने तिच्या आईवडिलांना पत्र लिहून मैत्रिणीची बाजू मांडली होती. कधी तो मित्रांशी फटकूनही वागला होता, आणि नंतर त्याने माफीही मागितली होती. बेंजामिन री यांनी त्याच्यावर केलेला माहितीपट २०२४ मध्ये आला. तो बघताना मला एकच गोष्ट टोचत राहिली. मुलावर जीव ओवाळून टाकणाऱ्या आईवडिलांनाही त्याच्या मैत्रीचा पत्ता नव्हता, कारण बाहेरून बघणाऱ्याला फक्त पडद्यासमोर बसलेला मुलगा दिसत होता.

आपल्याकडे घराघरांत वाद होतो तो बहुधा तासांवरून. तासांकडे बघायला हवंच. गेमच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत घातलं आहे, आणि झोप व अभ्यास मोडणारा खेळ थांबवलाच पाहिजे. पैसे लावून खेळायच्या ज्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ च्या कायद्याने बंदी आणली, त्यांचा तर इथे विचारच नको. पण उरलेल्या खेळांबद्दल मुलाला आधी विचारावं की यात तुला नेमकं काय करावं लागतं, आणि तुझ्याबरोबर कोण असतं. उत्तर ऐकताना शेजारी बसून एक डाव खेळून बघितला तर आणखी बरं.

किती तास, कुठलं यंत्र आणि खेळणारा कोण, या सगळ्याने फरक पडतो, हे जपानमधल्या एका अभ्यासातही दिसलं. कोविडच्या महासाथीच्या काळात तिथे गेमच्या यंत्रांचा इतका तुटवडा होता की दुकानदार सोडत काढून ती विकत. हिरोयुकी एगामी आणि सहकाऱ्यांनी या सोडतीचाच प्रयोग म्हणून उपयोग केला, कारण यंत्र कुणाला मिळणार हे निव्वळ नशिबावर होतं. यंत्र मिळालेल्यांचं मानसिक स्वास्थ्य काहीसं सुधारलेलं दिसलं. दिवसाला तीन तासांपुढे मात्र हा फायदा ओसरत गेला. निन्टेंडो स्विच आणि प्लेस्टेशन ५ या दोन यंत्रांचे परिणामही वेगवेगळ्या वयाच्या माणसांवर सारखे नव्हते.