पिंग लागतो, पण तिकीट मिळत नाही

शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली सुरू झालं. त्याच साली अमेरिकेत एमआयटीनं अथेना प्रकल्प हाती घेतला आणि त्यातून पुढे कर्बेरॉस तयार झालं. विद्यार्थ्यानं लॅबमधल्या कुठल्याही मशीनवर बसावं, पासवर्ड टाकावा आणि आपल्याच फाइली समोर याव्यात, ही तिथली गरज होती. चिखली-मलकापूरकडे कॉलेजात लिनक्सची लॅब लावणाऱ्याची गरज आजही तीच. एनएफएसला कर्बेरॉसची जोड दिली की ती भागते. अडतं ते बहुतेकदा नावापाशी, आणि शोध मात्र भलतीकडेच चालतो.

पहिला चकवा निरोपाचाच. माउंट करताना ‘ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर’ असं येतं आणि माणूस फोल्डरच्या परवानग्या तपासत बसतो. फाइल सर्व्हरनं बऱ्याचदा काहीच नाकारलेलं नसतं. क्लायंटनं ज्या नावाचं तिकीट मागितलं, ते नावच तिकीट देणाऱ्या केडीसीच्या नोंदीत नसतं. खरं कारण क्लायंटच्या लॉगमध्ये, आरपीसी-जीएसएसडीच्या ओळींत सापडतं: ‘सर्व्हर नॉट फाउंड इन कर्बेरॉस डेटाबेस’.

“पण पिंग तर लागतोय!” लागणारच, पिंगला आयपी पत्ता मिळाला की पुरे. तिकीट निघतं ते नावावर. मलकापूरचं तिकीट काढून शेगावला उतरलात तर गाडी तीच होती म्हणून टीसी सोडत नाही.

“मग नाव नकोच, सरळ आयपी टाकू.” ही युक्ती तर उलटीच पडते. आयपी किंवा बिनटिंबाचं छोटं नाव दिसलं की जीएसएसडी उलटा शोध घेतं, म्हणजे पत्त्यावरून नाव काढतं. डीएनएसमध्ये उलट्या नोंदी कुणी केलेल्याच नसतात, किंवा राउटर आपल्या मनचं नाव सांगतो. टाळायला गेलो तीच गोष्ट पुढ्यात येते.

सगळ्यात जास्त घोळ होस्ट्स फाइलमध्ये असतो. पत्ता लिहून पुढे ‘स्टोअर’ आणि मग ‘स्टोअर.लॅब.इंटर्नल’ असं लिहिलं, तर पहिलं नाव हेच अधिकृत धरलं जातं, आणि केडीसीत नोंद असते पूर्ण नावाची. पूर्ण नाव आधी, टोपणनाव नंतर. एवढ्या अदलाबदलीनं लॅब सुरू होते. त्यात एनएसलुकअप दिशाभूल करतं, कारण ते होस्ट्स फाइल बघतच नाही, थेट डीएनएसला विचारतं. मशीनला खरोखर काय दिसतं ते ‘गेटएंट होस्ट्स’ सांगतं.

उलट्या नोंदींवर भरवसा नसेल तर क्लायंटच्या कर्बेरॉस सेटिंगमध्ये ‘आरडीएनएस’ फॉल्स करावं आणि माउंट करताना पूर्ण नावच द्यावं. मूळ एमआयटी कर्बेरॉसमध्ये हा पर्याय चालू असतो. फेडोरा तो बंद करूनच देतं, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं.

घड्याळाचा दोष अनेकदा विनाकारण काढला जातो. पाच मिनिटांहून जास्त फरक असेल तर तिकीट अडतं हे खरं, पण तेव्हा ‘क्लॉक स्क्यू’ असा स्पष्ट निरोप येतो.

कंटाळून कुणी माउंटच्या ‘सेक’ पर्यायापुढचं केआरबी५ काढून ‘सिस’ टाकतं आणि माउंट झालं म्हणून सुटकेचा श्वास घेतं. ‘सिस’मध्ये क्लायंट सांगेल तो युजर क्रमांक सर्व्हर खरा मानतो. स्वतःच्या लॅपटॉपवर रूट असलेला कुठलाही विद्यार्थी दुसऱ्याचा क्रमांक सांगून त्याच्या फाइली उघडू शकतो. याला दुरुस्ती म्हणवत नाही.

नावं जुळूनही अडत असेल तर सर्व्हरवर ‘क्लिस्ट -के’ चालवून कीटॅब, म्हणजे किल्ल्यांची फाइल, पाहा. मशीनचं नाव बदललं तरी कीटॅबमध्ये जुनंच राहतं. तिथं ‘एनएफएस’च्या पुढे जुनं नाव दिसलं, तर केडीसीवर नव्या नावाची नोंद करून तिची किल्ली कीटॅबमध्ये घालावी लागते.