हरलेल्या गीताचे मोल

ब्रायटन येथे ६ एप्रिल १९७४ रोजी झालेल्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत पोर्तुगालच्या पावलू द कार्व्हाल्यु यांच्या गीतास अवघे ३ गुण मिळाले; ते अखेरच्या क्रमांकावर राहिले. परंतु २४ एप्रिलच्या रात्री १०.५५ वाजता लिस्बनच्या नभोवाणीवरून तेच विरहगीत वाजले आणि बंडखोर सैनिकांस सज्जतेचा पहिला संकेत मिळाला. साध्या प्रेमगीताचा संशय सत्तेस कसा यावा? दुसऱ्याच दिवशी ४८ वर्षांची हुकूमशाही कोसळली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व करारान्वये मान्य केले. गोवा १९६१ सालीच मुक्त झाला होता. ही मान्यता मात्र पोर्तुगीज जनता स्वतः मुक्त झाल्यावरच मिळाली, हे आम्हा गोमंतकीयांस विसरता येणार नाही. आमचा लढा त्या जनतेशी नव्हताच. तिचा आणि आमचा जुलमी एकच होता.