समितीची बैठक ‘भरते’ कुठे?

चिकलठाण्यात राहणाऱ्यांना विमानाच्या आवाजाची सवय असते. २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमानं बंद होती, तेव्हा तो जवळजवळ थांबला. मराठवाड्यातला खासदार दिल्लीत समितीच्या बैठकीला पोचणार कसा, हा प्रश्न माझ्या विषयात तिथून आला.

संसद २३ मार्चलाच बेमुदत तहकूब झाली होती. अशा वेळी सरकारी अधिकाऱ्यांना प्रश्न विचारायची जागा उरते ती स्थायी समिती. शशी थरूर आणि आनंद शर्मा या दोन समिती-अध्यक्षांनी व्हिडिओ कॉन्फरन्सची परवानगी मागितली. मिळाली नाही. कारण दिलं गेलं गोपनीयतेचं. जुलैत समित्या बसल्या, त्या समोरासमोरच.

प्रस्ताव लिहिताना ‘ऑनलाइन बैठका : फायदे-तोटे’ असा विषय घेऊ नका. (मी घेतला होता. गाइडनी शीर्षकावरच काट मारली.) आधी नियम उघडा. लोकसभेचा नियम २६६ म्हणतो, समितीची बैठक खासगी. नियम २६७ म्हणतो, ती संसद भवनाच्या आवारात; बाहेर घ्यायची तर लोकसभाध्यक्षांचा निर्णय अंतिम. गणपूर्ती एक तृतीयांश, म्हणजे ३१ जणांत दहा-अकरा. आता सांगा, चिकलठाण्यातून स्क्रीनवर दिसणारा सदस्य त्यात धरायचा का? त्याच्या खोलीत कॅमेऱ्यामागे कोण बसलंय, हे कोण बघणार? आणि जागा बदलायचा अधिकार अध्यक्षांना होताच, तर तो इथे पुरला नसता का? हे तीन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची खिचडी करू नका. शर्मांची समिती राज्यसभेकडची, तिचे नियम वेगळे काढून वाचा.

ब्रिटनचं उदाहरण सगळेच देतात. तिथल्या हाउस ऑफ कॉमन्सनं २४ मार्च २०२० लाच समिती सदस्यांना दूरस्थ सहभागाची मुभा दिली. खरंय. पण तिथल्या साक्षी बहुतेक जाहीर असतात, आपल्याकडे बंद दाराआड. तुलना करायचीच तर तिथे अहवालाच्या मसुद्यावर जी खासगी चर्चा होते, तिच्याशी करा.

माझं मत विचाराल तर गोपनीयतेची काळजी खोटी नव्हती, पण थांबण्याची किंमत कुणी मांडली नाही. ८ मे २०२० ला, आमच्यापुढच्या करमाडजवळ, जालन्याहून घराकडे चालत निघालेले १६ मजूर रुळांवर मालगाडीखाली गेले. त्या महिन्यात गृहखात्याला समोर बसवून विचारणारी समिती बसलेली नव्हती.