अंकीय-सदृश परिवर्तक आणि हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर : संगीताच्या अध्यापनासाठी मांडणी व वापर (सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : अंकीय ध्वनी, परिवर्तक, हेडफोन, तंबोरा, श्रुती, ध्वनिमुद्रिका

प्रस्तावना

महाविद्यालयांच्या संगीत विभागांत आज ध्वनिमुद्रणांची उणीव राहिलेली नाही. जुन्या तबकड्यांची अंकीय रूपांतरे, मैफलींची मुद्रणे आणि तंबोऱ्याच्या तयार ध्वनिफिती संगणकावर सहज मिळतात. उणीव आहे ती ऐकण्याच्या सोयीची. बहुतेक वर्गांत हे सर्व लॅपटॉपच्या अंगच्या स्पीकरवर ऐकविले जाते. पुरुषी पट्टीच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार साधारणतः 65 ते 75 हर्ट्झ या कंपनसंख्येवर लावलेली असते आणि एवढ्या लहान स्पीकरला तो मूळ नाद जवळजवळ निर्माणच करता येत नाही. विद्यार्थी खर्ज ऐकत नाही, त्याच्या वरच्या स्वरांशांवरून खर्जाची कल्पना करतो. या अडचणीवर तुलनेने कमी खर्चाचा उपाय म्हणजे मेजावर ठेवावयाचा अंकीय-सदृश परिवर्तक व हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर होय. बाजारात परिवर्तकाला 'डॅक' म्हणतात आणि पुष्कळदा ही दोन्ही उपकरणे एकाच पेटीत येतात. प्रस्तुत लेखात त्यांची मांडणी, वापर आणि मर्यादा यांचा विचार केला आहे.

स्थानिक पार्श्वभूमी

हा विषय सातारा-सांगली परिसरातील अध्यापकांना परका वाटू नये. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ 1910 साली प्रसिद्ध केला. श्रुतींची स्थाने तारेच्या लांबीवरून आणि कंपनसंख्येवरून निश्चित करण्याचा त्यांचा प्रयत्न होता. त्या कामी प्रत्यक्ष गळ्याचा पुरावा दिला तो उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी. सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी हा विचार पुढे नेला आणि 1916 च्या बडोदे येथील संगीत परिषदेत श्रुतींच्या हार्मोनियमवरून मोठा वाद झाला. देवलांच्या सर्व निष्कर्षांशी आपण सहमत असलेच पाहिजे असे नाही. किंबहुना गाणारा प्रत्येक वेळी तीच श्रुती लावतो हे गृहीतक आज टिकणे कठीण आहे. परंतु कानाने ऐकलेले आकड्यांत पडताळून पाहण्याची वृत्ती या भूमीत शंभर वर्षांपूर्वीच होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मिरजेच्या तंबोऱ्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. पंढरपूर परिसरातील भोपळे, शिकलगार घराण्यांतील कारागिरी आणि घोडीवर काढलेली जवारी यांतून घडणाऱ्या मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घोडीचा पृष्ठभाग किंचित वक्र असतो आणि तारेखाली सुताचा जीव सरकवून नाद खुलविला जातो. या वक्र घोडीमुळे तारेच्या कंपनात नेहमीच्या नियमाला न जुमानणारे स्वरांश निर्माण होतात, ही गोष्ट सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली मांडली होती. खर्जाच्या तारेचा पाचवा स्वरांश म्हणजेच स्वयंभू गंधार. तो समविभाजित सप्तकातील गंधाराहून सुमारे 14 सेंटांनी उतरलेला असतो. खर्जाच्या मूळ नादापासून काही हजार हर्ट्झपर्यंत पसरलेला हा नादपट ध्वनियंत्रणेच्या परीक्षेसाठी अत्यंत सोयीचा आहे आणि तो आपल्या दारात उपलब्ध आहे.

उपकरणाचे कार्य

परिवर्तक संगणकातील आकड्यांचे विद्युत्-लहरीत रूपांतर करतो. 1982 पासून बाजारात आलेल्या सीडीमध्ये सेकंदाला 44,100 नमुने व प्रत्येक नमुन्यास 16 बिट असतात. त्यातून सुमारे 22 हजार हर्ट्झपर्यंतचा नाद आणि सुमारे 96 डेसिबलचा लहान-मोठा आवाज सामावतो. 78 फेऱ्यांच्या तबकडीचा खरखरीपासून सर्वांत मोठ्या आवाजापर्यंतचा पल्ला याच्या निम्माही नसतो. त्यामुळे अशा तबकडीची फाइल 24 बिट व 192 हजार नमुन्यांत मिळाली म्हणून ती अधिक स्पष्ट ऐकू येईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

अ‍ॅम्प्लिफायरचे काम हेडफोनला पुरेसे व्होल्टेज आणि पुरेसा प्रवाह देणे एवढेच आहे. 1 व्होल्ट दिला असता 32 ओहमच्या हेडफोनला सुमारे 31 मिलिवॅट शक्ती मिळते, तर 300 ओहमच्या हेडफोनला केवळ 3.3 मिलिवॅट. म्हणून अधिक रोधाच्या हेडफोनला लॅपटॉपचे अंगचे छिद्र अपुरे पडू शकते. 32 ओहमचा, चांगल्या संवेदनशीलतेचा हेडफोन असेल तर मात्र बोटाएवढा यूएसबी परिवर्तकही पुष्कळदा पुरतो. विभागाचा निधी मोठ्या पेटीवर खर्च करण्यापूर्वी हे तपासावे.

खरेदीच्या वेळी अ‍ॅम्प्लिफायरचा निर्गम-रोध अवश्य पाहावा. तो हेडफोनच्या रोधाच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा, असा व्यावहारिक संकेत आहे. अनेक हेडफोनांचा रोध 100 हर्ट्झच्या आसपास वाढतो. 300 ओहमचा रोध तेथे 500 ओहम झाला आणि निर्गम-रोध 100 ओहम असला, तर त्या भागातील आवाज जवळजवळ 1 डेसिबलने वाढेल. हा भाग नेमका खर्जाचा आहे. असा अ‍ॅम्प्लिफायर 'भरदार' म्हणून विकला जातो; परंतु तो भरदारपणा तंबोऱ्याचा नसून यंत्राचा असतो.

मांडणी

जोडणी करताना आवाजाचे बटण शून्यावर ठेवावे आणि हेडफोन कानांवर नसावा. यूएसबी तार संगणकाच्या छिद्रात थेट लावावी. विंडोज 10 मध्ये 2017 पासून यूएसबी ध्वनीच्या दुसऱ्या श्रेणीची सोय अंगभूत आहे. मॅक व लिनक्समध्येही बहुधा वेगळ्या सॉफ्टवेअरची गरज पडत नाही. त्यानंतर संगणकाच्या ध्वनिविषयक सेटिंगमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात. निर्गमासाठी नवे उपकरण निवडलेले असावे. 'एन्हान्समेंट' किंवा आभासी सराउंडसारखे सर्व प्रकार बंद असावेत, कारण ते जवारीचा पोत बदलतात. नमुना-दर फाइलीच्या दराइतका ठेवावा. संगणकाचा आवाज पूर्ण ठेवून पुढील नियंत्रण अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणावर करावे, आणि याच कारणास्तव बटण आधी शून्यावर असणे आवश्यक ठरते.

गेनची सोय असेल तर प्रथम कमी गेन निवडावा. बटण मध्यापलीकडे नेऊनही आवाज अपुरा वाटला तरच जास्त गेन घ्यावा. जास्त गेनवर बटण थोडे फिरताच आवाज एकदम वाढतो, आणि पुष्कळ उपकरणांत अगदी खालच्या टप्प्यावर डाव्या-उजव्या बाजूंचा समतोलही बिघडतो. पाठीमागील निर्गम स्थिर आहे की बटणानुसार बदलणारा, हे माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे. स्थिर निर्गम थेट हेडफोनला जोडू नये. ब्लूटूथचा उल्लेख येथे एवढ्यापुरताच की त्यात ध्वनीचे पुन्हा संक्षेपण होते, म्हणून सूक्ष्म श्रवणासाठी तारच वापरावी.

आपल्याकडील जुन्या इमारतींत गुणगुण हा नेहमीचा त्रास आहे. वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असल्याने ती 50 किंवा 100 हर्ट्झची असते, आणि खर्जाच्या इतकी जवळ की विद्यार्थी तिला तंबोऱ्याचाच भाग समजू शकतो. लॅपटॉपचा चार्जर काढताच ती थांबली तर अर्थिंगच्या दोन वाटांमुळे झालेले वर्तुळ हे कारण होय. संगणक व अ‍ॅम्प्लिफायर एकाच विस्तारफळीवर जोडावेत. तेवढ्याने न भागल्यास प्रकाशीय तारेने जोडणी करावी, कारण तिच्यातून वीज वाहत नाही. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची युक्ती काही जण सुचवितात. ती धोकादायक आहे. वीज गेल्यावर साध्या इन्व्हर्टरवर येणारी करकर वेगळी असते. तिच्यावर शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर हाच उपाय.

तुलना आणि श्रवणसुरक्षा

दोन उपकरणांची तुलना करताना आवाजाची पातळी समान नसेल तर मोठ्या आवाजाचे उपकरण नेहमीच सरस भासते. 300 हर्ट्झचा शुद्ध नाद वाजवून, हेडफोन जोडलेला ठेवून, दोन्ही उपकरणांचे व्होल्टेज साध्या मल्टिमीटरने मोजावे व फरक 1 टक्क्याच्या आत आणावा. त्यानंतर कोणते उपकरण चालू आहे हे श्रोत्याला न सांगता ऐकवावे. असे केल्यावर उत्तम बनावटीच्या परिवर्तकांतील बहुतेक कथित फरक मावळतात. हेडफोनांतील फरक मावळत नाहीत. म्हणून अधिक खर्च हेडफोनवर करणे योग्य.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार 80 डेसिबल पातळीचा आवाज आठवड्यास 40 तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. 90 डेसिबलला ही मर्यादा 4 तासांवर येते. रियाजासाठी रोज तंबोरा कानांत घेणाऱ्या विद्यार्थ्यांना हा हिशेब स्पष्टपणे सांगावा. स्वच्छ ध्वनी कर्कश नसतो, त्यामुळे तो किती मोठा झाला आहे याचे भान राहत नाही.

जुन्या तबकड्या आणि श्रुती

आता मूळ प्रश्न. या उपकरणावरून श्रुतींचा अभ्यास विश्वासाने करता येईल काय? परिवर्तकातील स्फटिकाच्या घड्याळात दशलक्षास 50 भाग इतकी चूक धरली तरी स्वर सेंटच्या दहाव्या भागाइतकाही ढळत नाही. प्रमाणश्रुती सुमारे 21.5 सेंटांची असते. म्हणजे परिवर्तकाकडून श्रुतीला धोका नाही.

धोका त्याच्या आधीच्या पायऱ्यांवर आहे. अब्दुल करीम खाँ यांच्या 1930 च्या दशकातील ओडियन तबकड्या आज अनेक रूपांतरांत मिळतात. 78 फेऱ्यांची तबकडी रूपांतर करताना 80 फेऱ्यांनी फिरली, तर सर्व स्वर सुमारे 44 सेंटांनी, म्हणजे दोन प्रमाणश्रुतींनी चढतात. 44,100 नमुन्यांच्या फाइलीवर चुकून 48,000 ची नोंद झाली तर चढ 147 सेंटांचा होतो. सर्व स्वर एकाच प्रमाणात सरकत असल्याने स्वरांमधील अंतरे टिकून राहतात. म्हणून गंधार षड्जापासून किती अंतरावर आहे याचा अभ्यास करता येतो, परंतु गायकाची पट्टी कोणती होती हे त्या फाइलीवरून ठरविता येत नाही. तबकडी मध्यापासून हटलेली असेल तर अंतरेही टिकत नाहीत. प्रत्येक फेरीला स्वर वर-खाली डोलतो, आणि हेडफोनवर तो डोल किराणा गायकीतील आंदोलन म्हणून सहज खपून जातो. 78 फेऱ्यांच्या तबकडीत ही आवर्तने सेकंदाला 1.3 असतात, डोल लयीशी संबंध न ठेवता या ठरावीक गतीने येत असेल तर तो गळ्याचा नव्हे.

खरखर काढून टाकलेली रूपांतरे ऐकावयास सुखद असतात. परंतु खरखर आणि जवारीचे वरचे स्वरांश पुष्कळसे एकाच पट्ट्यात असल्याने गाळणीत दोन्ही जातात, आणि मागचा तंबोरा बोथट होतो. विभागाच्या संग्रहात शक्य तेथे न गाळलेली प्रत ठेवावी. फाइलीसोबत तबकडीचा क्रमांक, रूपांतराच्या वेळची फिरण्याची गती, वापरलेली सुई, नमुना-दर आणि गाळणी लावली की नाही याची नोंद असावी. अशी नोंद नसलेली फाइल रागाची चाल व बढत दाखविण्यास चालेल. श्रुतीच्या मोजमापासाठी तिचा आधार घेऊ नये.